छंदाच्या ग्रुपमध्ये राजकारण पेटतं तेव्हा: १४ वर्षं ॲडमिनगिरी केलेलीचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आलाय. विचारणाऱ्यांचा फोटोग्राफीचा ऑनलाइन ग्रुप आहे, साडेतीन हजार मेंबर, सात वर्षं छान चाललेला. आता निवडणुका जवळ आल्यापासून रोज रात्री भांडणं. 'नो पॉलिटिक्स' रूल पिन करून ठेवलाय, उपयोग शून्य. दोन जुने मेंबर, ज्यांच्या जिवावर ग्रुप उभा राहिला, तेच एकमेकांवर तुटून पडतायत. आणि परवा एकाचा मेसेज काढला तर ॲडमिनवरच पक्षपाताचा आरोप झाला. आता ग्रुप बंद करावा का, असं विचारलंय.

बंद करू नका. निदान आजच नको.

आधी माझी कबुली. 'नो पॉलिटिक्स' हा रूल मी पण लावला होता, पहिल्याच वर्षी, मोठ्या तोऱ्यात. माझा ग्रुप स्केल मॉडेलिंगचा, म्हणजे विमानं, रणगाडे, जहाजं यांचे प्लास्टिकचे किट जोडायचे, रंगवायचे आणि मग एकमेकांना दाखवून मिरवायचं. सुरुवातीला आम्ही साठ जण होतो, आता अकरा हजारांच्या वर आहोत. रणगाड्यांच्या ग्रुपवर राजकारण नको म्हणणं म्हणजे पाण्यात उतरा पण पाय भिजवू नका, हे तेव्हा कळायला हवं होतं, नाही कळलं.

कळलं ते दुसऱ्या वर्षी. एका मेंबरने ग्लॉस्टर ग्लॅडिएटर विमानाचं मॉडेल टाकलं, फिनलंडच्या हवाई दलाचं, सोव्हिएत संघाविरुद्धच्या १९३९-४० च्या हिवाळी युद्धातलं. अप्रतिम काम, पंखांमधल्या तारासुद्धा एकेक करून ओढलेल्या. आणि पंखावर निळं स्वस्तिक. झालं. रात्री दहाला पोस्ट पडली आणि सकाळी मी उठले तेव्हा १४० कमेंट, त्यातल्या विमानाबद्दल फार तर सहा. एक गट म्हणत होता की नाझी चिन्ह इथे चालणार नाही, दुसरा म्हणत होता की इतिहास वाचा आधी, आणि मग तिथून गाडी आजच्या पक्षांवर, मग कोण कोणाला मत देतो त्यावर, मग कोणाच्या तरी घरच्यांवर.

गंमत अशी की दोन्हीकडे खरं काहीतरी होतं. फिनलंडने ते चिन्ह १९१८ मध्ये घेतलं, स्वीडनच्या काउंट एरिक फॉन रोसेन यांनी भेट दिलेल्या विमानावर त्यांनी स्वतःचं शुभचिन्ह म्हणून ते रंगवलेलं होतं, म्हणजे जर्मनीतल्या नाझी पक्षाने ते उचलायच्या आधीची गोष्ट. १९४५ पर्यंत ते फिनिश विमानांवर राहिलं. पण हेही खरं की हाच फॉन रोसेन पुढे स्वीडनमधल्या नाझी वर्तुळात वावरला आणि हिटलरचा जवळचा सहकारी गोअरिंग याच्याशी त्याचं नातं होतं, दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. म्हणजे हे सगळं नीट मांडलं असतं तर तो थ्रेड ग्रुपमधला सगळ्यात चांगला थ्रेड झाला असता. मी काय केलं? रूल होता ना, 'नो पॉलिटिक्स', अख्खा थ्रेड डिलीट. त्यात त्या माणसाचे चार महिन्यांच्या कामाचे फोटो होते, टप्प्याटप्प्याने टाकलेले. त्याने मला एकच ओळ पाठवली, 'मी फक्त विमान रंगवलं होतं', आणि ग्रुप सोडला. परत आला नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की विषयावर बंदी घालणारा रूल हा आळशी रूल आहे. दिसायला निःपक्षपाती, पण राबवायची वेळ आली की राजकारण म्हणजे काय हे ॲडमिनलाच ठरवावं लागतं, आणि ते ठरवणं हेच राजकारण. तुमच्याकडे एखादा मेंबर मोर्चाचा फोटो टाकेल. ते राजकारण आहे का? नेत्याचं पोर्ट्रेट? पुरात बुडालेल्या वस्तीचा फोटो आणि खाली 'कोणाचं लक्ष नाही' एवढीच कॅप्शन? तुम्ही एक ठेवणार, एक काढणार, आणि ज्याचा काढला तो म्हणणार बघा, आमचंच काढतात. तुमच्यावर आरोप झालाय तो असाच झाला असणार, पैज लावते.

मग करायचं काय. मला वर्षानुवर्षं मार खाऊन जे समजलंय ते असं की भांडण मतांमुळे पेटत नाही, वेगामुळे पेटतं. तीच दोन माणसं, तीच मतं, समोरासमोर बसून किट जोडत असती तर तासभर बोलली असती आणि वाद झाला असता, पण आग लागली नसती. कारण बोलताना समोरच्याचं तोंड दिसतं, मध्ये कोणीतरी पाणी मागतं, कोणाचा तरी स्क्रू खाली पडतो. ग्रुपवर तसं काहीच मध्ये येत नाही, वीस सेकंदांत उत्तर, त्याला पंधरा सेकंदांत उलट उत्तर, आणि बघायला साडेतीन हजार माणसं. त्यामुळे माझं जवळजवळ सगळं मॉडरेशन आता एकाच गोष्टीभोवती फिरतं, वेग कमी कसा करायचा. विषय कुठला, बाजू कुठली, हे नंतर.

यावर एक प्रयोग झालाय तो सांगते, कारण त्याने माझं डोकं साफ केलं. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये तो मांडला. लोकांना आधी एक टेस्ट दिली, काहींना सोपी, काहींना मुद्दाम वैतागवणारी, आणि मग एका लेखाखाली कमेंट करायला लावल्या. काहींना वरती आधीच खवचट कमेंट दिसत होत्या, काहींना साध्या. सोपी टेस्ट आणि साध्या कमेंट असलेल्यांपैकी साधारण ३५ टक्के लोकांनी उद्धट काहीतरी लिहिलं. वैतागलेले आणि वर खवचट कमेंट बघितलेले, त्यांच्यात ते ६८ टक्के झालं. जवळजवळ दुप्पट! म्हणजे ट्रोल ही वेगळी जमात नसते हो, वाईट दिवस गेलेला कोणीही माणूस असतो ज्याने वरती घाण बघितली. तुम्ही, मी, सगळे त्यात आलो. त्यांना असंही दिसलं की रात्री उशिरा आणि आठवड्याच्या सुरुवातीला हे जास्त होतं. मी आमचा लॉग काढून बघितला तर आमची मोठी भांडणं बहुतेक रात्री अकरा ते दीडमधली.

यातून दोन कामाच्या गोष्टी निघाल्या. पहिली, भांडणातली पहिली खवचट कमेंट महत्त्वाची, पन्नासावी नाही. आपण ॲडमिन लोक पन्नासाव्याला जागे होतो, तोपर्यंत सगळे बरबटलेले असतात आणि मग कोणाचंही काढलं तरी अन्यायच वाटतो. पहिली काढली, ताबडतोब, शांतपणे, तर बऱ्याचदा काही होतच नाही. आणि कोणाला कळतही नाही तुम्ही काही केलं म्हणून, त्याचं श्रेय मिळत नाही, ते सोडून द्या.

दुसरी म्हणजे रात्रीचा बंदोबस्त. तुमचा ग्रुप कुठल्या ॲपवर आहे ते प्रश्नात लिहिलं नाही म्हणून सगळ्यांचं सांगते. डिस्कॉर्डवर चॅनलला स्लो मोड लावता येतो, ५ सेकंदांपासून ६ तासांपर्यंत, म्हणजे एका माणसाचा एक मेसेज गेला की तेवढा वेळ पुढचा जात नाही. टेलिग्रामवर पण आहे, जास्तीत जास्त १ तासापर्यंत. व्हॉट्सॲपवर स्लो मोड नाही, पण फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील असं सेटिंग आहे आणि ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. फेसबुक ग्रुपवर एखाद्या पोस्टच्या कमेंट बंद करता येतात, नव्या पोस्टना आधी मंजुरी लावता येते. आमच्याकडे कुठल्याही थ्रेडमध्ये ताप चढला की मी आधी १५ मिनिटांचा स्लो मोड लावते, लॉक नाही. लॉक केलं की ज्याची शेवटची कमेंट राहिली तो जिंकला, आणि हरलेला दुसरीकडे नवा थ्रेड उघडतो, हे मी शंभरदा बघितलंय. १५ मिनिटं मिळाली की माणूस आपली कमेंट परत वाचतो. निम्मे तर पाठवतच नाहीत. आणि जे पाठवतात ते जरा लांब, जरा मुद्द्याचं लिहितात, कारण एकच संधी आहे हे माहीत असतं.

अगदीच लॉक करायला लागलं तर उघडायची वेळ आधी सांगायची. 'हा थ्रेड उद्या सकाळी दहाला परत उघडेन.' आणि दहाला उघडायचाच! हे फार लोक करत नाहीत. एकदा लॉक केलेलं उघडायची भीती वाटते, मला पण वाटायची, पण सकाळी दहाला सहसा तिथे कोणी फिरकत नाही. ऑफिसला गेलेले असतात सगळे.

आता रूलबद्दल. 'नो पॉलिटिक्स'च्या जागी काय लिहिलं ते सांगते, कारण यावर आम्ही तीनदा मजकूर बदललाय. आम्ही त्याला आपसात 'टेबल टेस्ट' म्हणतो. तुमच्या मुद्द्याच्या उत्तराने कोणाच्यातरी टेबलावरच्या मॉडेलमध्ये काही बदलणार आहे का? बदलणार असेल तर बोला, कितीही राजकीय असू दे. फिनिश विमानावर ते चिन्ह लावायचं की नाही, यावर बोला, त्याने मॉडेल बदलतं. जर्मनीत फौजदारी कायद्याचं कलम ८६अ आहे, नाझी चिन्हं जाहीर दाखवण्यावर बंदी, काही अपवाद सोडून, म्हणून तिकडे विकल्या जाणाऱ्या कित्येक किटच्या बॉक्सवर विमानाची शेपटी कोरी असते आणि डिकलमध्ये, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील चिन्हांमध्ये, स्वस्तिक एकतर नसतंच किंवा दोन तुकड्यांत दिलेलं असतं. प्रदर्शनात मॉडेल ठेवायचं तर हे माहीत असायला हवं, बोला यावर. पण त्या युद्धात कोण बरोबर होतं आणि त्यावरून आजचा अमुक पक्ष कसा तसाच आहे, याने टेबलावर काहीही बदलत नाही. ते इथे नाही. तुम्हाला कुठेही बोला, इथे नाही.

तुमच्याकडे हीच टेस्ट फोटोला लावा. मोर्चाचा फोटो: गर्दीत फोकल लेन्थ कुठली, चेहरे दाखवायचे का झाकायचे, पोलिसांनी अडवलं तर काय करायचं, हे सगळं टेबलावरचं. मोर्चा बरोबर का चूक, हे टेबलाबाहेरचं. सगळं सुटत नाही यातून, कॅप्शनचा घोळ राहतोच, पण वाद झाला तर निदान तो 'हे टेबलावर आहे का' असा होतो, 'ॲडमिन कोणाच्या बाजूचा' असा होत नाही. हा फरक मोठा आहे.

ही काही माझी अक्कल नाही, जुने छंदवाले हे केव्हाचे करतायत. हॅम रेडिओवाल्यांचंच बघा, म्हणजे हौस म्हणून स्वतःच्या रेडिओ स्टेशनवरून जगभर बोलणारे, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमांमध्येच लिहिलंय की वेगवेगळ्या देशांतल्या हौशी स्टेशनांनी एकमेकांशी बोलायचं ते हौशी सेवेच्या कामापुरतं आणि वैयक्तिक स्वरूपाचं. राजकारण, धर्म हवेत आणायचा नाही ही त्यांची रीत पिढ्यान् पिढ्या चालत आलीय. आणि अजून मागे जायचं तर फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघाच्या १७२३ च्या घटनेत लॉजमध्ये, म्हणजे त्यांच्या सभेत, धर्मावरून, राष्ट्रांवरून आणि राज्यकारभारावरून भांडायला मनाई आहे. तीनशे वर्षं झाली की, म्हणजे प्रॉब्लेम इंटरनेटने आणलेला नाही.

मला सगळ्यात आवडतं ते ओपनस्ट्रीटमॅपचं. हौशी लोकांनी मिळून केलेला जगाचा नकाशा. आता नकाशा म्हटल्यावर सीमेवरून मारामारी ठरलेलीच, हा म्हणणार आमचं, तो म्हणणार आमचं, रोज रेघ पुसायची आणि परत काढायची. त्यांचा वादग्रस्त भागांसाठीचा नियम असा की प्रत्यक्ष जमिनीवर काय आहे ते काढा, ताबा कोणाचा आहे आणि तिथल्या पाट्यांवर काय लिहिलंय. कोणाचं असायला हवं, ते नकाशाचं काम नाही. याने सगळे खूश होतात असं अजिबात नाही, रशियाने युक्रेनकडून घेतलेल्या क्रिमियावरून तर त्यांच्यातही बरंच रामायण झालं, पण वादाला एक जागा मिळते उभं राहायला.

अगदी उलटं टोकही आहे. आरपीजी डॉट नेट म्हणून रोल-प्लेइंग गेमवाल्यांची साइट आहे, त्यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर केलं की ट्रम्प किंवा त्यांच्या प्रशासनाचं समर्थन इथे चालणार नाही. मग जून २०१९ मध्ये विणकामवाल्यांच्या रॅव्हलरीने तेच केलं, मजकूरही बराचसा त्यांच्यावरूनच घेतला. पोस्ट, पॅटर्न, प्रोफाइल, सगळ्याला लागू. तुम्ही समर्थक असलात तरी मेंबर राहू शकता, फक्त समर्थन इथे करू नका, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. बरेच लोक चिडून गेले, बरेच खूश होऊन आले. मला विचाराल तर मी असं करणार नाही, माझ्या ग्रुपला ते झेपणार नाही. पण एक मानते मी, त्यांनी बाजू घेतली ती उघड घेतली. सगळ्यात वाईट ॲडमिन तो जो बाजू घेतो आणि वर म्हणतो मी न्यूट्रल. आणि त्या जातीची मी स्वतः होते, खालती सांगते.

त्याआधी एक अपवाद, कारण वेग वेग म्हणून मी काहीही खपवून घ्या असं सांगतेय असं वाटायला नको. धमकी, कोणाचा पत्ता किंवा फोन नंबर उघड करणं, धर्म-जात-वंश-लिंगावरून माणसाला माणसातून उठवणं, याला स्लो मोड नाही आणि 'दोन्ही बाजूंनी संयम पाळा' असला गुळमुळीत मेसेजही नाही. थेट बाहेर. आणि 'राजकारण आणू नका' हे वाक्य काही मेंबरांच्या वाट्याला जरा जास्तच येतं का, ते बघत जा. आमच्याकडे एकीच्या प्रोफाइलवर सप्तरंगी झेंडा होता तर तिला राजकारण म्हणून रिपोर्ट केलं, तीन वेळा, आणि रिपोर्ट करणाऱ्याच्या स्वतःच्या प्रोफाइलवर पक्षाचं चिन्ह! त्याला ते दिसतच नव्हतं.

तर न्यूट्रल असण्याबद्दल. साधारण सहाव्या वर्षी एका मेंबरने माझ्यावर पण पक्षपाताचा आरोप केला आणि मला भयंकर राग आला. रागाच्या भरातच तीन महिन्यांचा लॉग काढला, त्याला दाखवून द्यायला की बघ, मी दोन्हीकडचं सारखंच काढते. आकडे खरंच सारखे होते. पण वाचत गेले तसं लक्षात आलं की माझ्या विचारांच्या लोकांचं फक्त शिवीगाळ असेल तरच काढलंय, आणि समोरच्यांचा नुसता टोमणा असला तरी काढलाय. आपल्या बाजूचा टोमणा आपल्याला विनोद वाटतो ना, म्हणून. त्याने आरोप केला होता तो अर्धा खरा निघाला. मी त्याला तसं सांगितलं. ग्रुपवर नाही, आधी खाजगीत, मग दोन आठवड्यांनी ग्रुपवर पण. त्यानंतर आमच्याकडे एक पद्धत आहे: ज्या थ्रेडमध्ये मॉडने, म्हणजे मॉडरेटरने, स्वतः मत दिलंय तिथे तो मॉडरेट करणार नाही, दुसऱ्याला बोलावणार. आणि राजकीय भानगडीत काहीही काढायचं असेल तर दोघांचं एकमत लागतं, त्यातला एक शक्यतो वेगळ्या विचारांचा. तुमच्याकडे तसा मॉड नसेल तर शोधा. तुम्ही एकट्या ॲडमिन आहात असं प्रश्नावरून वाटतंय, साडेतीन हजार माणसांना एक माणूस, हे कसं चालेल?

काढलेल्या प्रत्येक कमेंटचं कारण त्या माणसाला सांगायचं, हे पण त्यानंतरच सुरू केलं. रेडिट या चर्चेच्या साइटवरच्या २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं होतं की पोस्ट काढल्यावर कारण कळवलं तर त्या माणसाची पुढची पोस्ट काढावी लागण्याची शक्यता कमी होते. आम्हाला तर लगेच फरक दिसला. मी काय लिहिते ते देते, असंच्या असं: 'तुमची ती कमेंट काढलीय. मुद्दा काढला नाही, त्यातलं तुम्ही त्यांना जे म्हणालात ते काढलंय. मुद्दा परत टाका, राहील.' बस. यात 'तुमच्यासारख्या सीनियर माणसाकडून अपेक्षा नव्हती' वगैरे घालायचं नाही, ते वाचलं की माणूस अजून पेटतो. आणि खाजगी मेसेज लिहिताना धरूनच चालायचं की याचा स्क्रीनशॉट पाच मिनिटांत समोरच्या पार्टीकडे जाणार आहे. जातोच. त्यामुळे दोघांना पाठवलेले मेसेज शेजारी शेजारी ठेवले तर लाज वाटू नये, एवढं बघून पाठवायचं.

रूल दिसायला हवा तिथे दिसायला हवा, हेही. नेथन मटियास या संशोधकाने रेडिटच्या विज्ञानवाल्या ग्रुपवर प्रयोग केला होता, २०१९ मध्ये छापून आला. चर्चेच्या डोक्यावरच नियम चिकटवला तर नव्या लोकांचं नियम पाळण्याचं प्रमाण ८ टक्केबिंदूंहून जास्त वाढलं, आणि नवे लोक बोलायचे कमी होतील अशी भीती होती तर उलट ते वाढले. तुमचा रूल पिन केलेला आहे म्हणता, पण मला सांगा, पिन केलेलं शेवटचं कधी कोणी उघडलं? तापायची शक्यता असलेल्या पोस्टखाली पहिली कमेंट तुमची पाहिजे. 'फोटोबद्दल बोलू, मोर्चाबद्दल नको.' एवढं पुरतं.

वेगळी रूम काढून देऊ का, राजकारणासाठी, म्हणजे तिकडे भांडतील? हा सल्ला तुम्हाला नक्की कोणीतरी देईल. आम्ही काढली होती. आठ महिने चालली. झालं असं की आधी लोकांना एकमेकांची फक्त मॉडेल्स माहीत होती, आता राजकारण पण कळलं, आणि मग तिकडचा राग घेऊन इकडे यायला लागले. कोणी म्हणालं की तुझा हिरवा जरा गडद झालाय, तर तेवढ्यावरून मारामारी. रोज तिथे बसणारा शांत डोक्याचा माणूस असेल तर काही ठिकाणी चालतं म्हणे, माझ्याकडे नव्हता. मी बंद केली आणि बंद केल्याचं कोणालाच वाईट वाटलं नाही, जे त्यात होते त्यांना तर अजिबातच नाही.

आता तुमचे ते दोन जुने मेंबर. खरा प्रश्न हाच आहे ना, बाकी सगळं तुम्ही निभावलं असतं.

माझ्याकडे पण असे दोघं होते. एक रंगकामातला बाप, दुसरा संदर्भांचा, कुठल्या विमानाला कुठल्या वर्षी कुठला पंखा होता हे झोपेत सांगेल. ग्रुपवर निम्म्या प्रश्नांची उत्तरं या दोघांची. त्यांना काय बोलणार, म्हणून मी दीड वर्षं सूट दिली. नव्या मेंबरला ज्या शब्दासाठी सात दिवस बाहेर ठेवलं तोच शब्द यांनी वापरला की 'जरा सांभाळून घ्या' असा मेसेज. मला वाटायचं मी ग्रुप वाचवतेय. मग एकदा सहज, गेल्या सहा महिन्यांत ज्यांनी काहीच टाकलं नव्हतं अशा चाळीस जुन्या लोकांना मी एकेक करून मेसेज केला की कसे आहात, सध्या काय करताय टेबलावर. सव्वीस जणांनी उत्तर दिलं. अकरा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत तेच सांगितलं, की त्या दोघांचं चालू होतं म्हणून नोटिफिकेशन बंद केलं, आणि मग उघडायची सवयच गेली. कोणी तक्रार केली नव्हती, कोणी ग्रुप सोडला नव्हता. मेंबरसंख्येत काहीच दिसत नव्हतं. भांडणारे दोघं आपल्याला दिसतात आणि त्यांना गमवायची भीती वाटते, हे अकरा दिसत नाहीत आणि ते केव्हाच गेलेले असतात.

मग दोघांशी बोलले. लिहून नाही, फोनवर, वेगवेगळं. त्यांना रूल नाही सांगितला, त्या अकरा जणांचं सांगितलं, नावं न घेता. संदर्भवाला गप्प झाला एकदम. म्हणाला मला वाटायचं लोक वाचतायत. रंगवाल्याने फोन आपटला आणि महिनाभर आला नाही, मग आला. दोघांना एक अट घातली, तीस दिवस एकमेकांच्या पोस्टवर कमेंट करायची नाही, चांगलीही नाही. चांगलीही नाही हे मुद्दाम, कारण 'वा, छान, यावेळी तरी' अशी चांगली कमेंट पण असते. तीस दिवसांत दोघांनी मिळून चार मॉडेल्स पुरी केली, भांडायला वेळ जायचा तो उरला असणार. मित्र झाले का? छे. पण आता एकाच थ्रेडमध्ये दिसतात आणि विमानाबद्दलच बोलतात, कधी कधी जरा कुजकटपणे, तेवढं मी सोडून देते.

नाही ऐकलं तर? तर बाहेर. आधी एक दिवस, मग सात, मग तीस, आणि आकडे आधीच लिहून जाहीर केलेले, सीनियर असो की काल आलेला. तीस दिवसांचा बॅन संपवून आलेल्या माणसाचं स्वागत इतरांसारखंच करायचं, टोमणा मारणाऱ्याची कमेंट काढायची. एकाला आम्ही कायमचा काढला, खूप चांगला मॉडेलर होता, अजूनही त्याची कामं दुसरीकडे दिसली की मी थांबून बघते.

तर तुमच्यासाठी, या आठवड्यापुरतं. आज रात्री अकरापासून सकाळी सातपर्यंत ग्रुप फक्त ॲडमिनसाठी करा, कारण एका ओळीत लिहा, निवडणुकीचा निकाल लागून दोन आठवडे होईपर्यंत रोज असंच राहील हेही त्यातच लिहा म्हणजे रोज नवी चर्चा नको. परवा ज्याचा मेसेज काढला त्याला कारण कळवा, उशीर झालाय तरी. दुसरा मॉड शोधा, शक्यतो असा ज्याच्याशी तुमचं मतदानाबद्दल पटत नाही पण फोटोबद्दल पटतं. त्या दोघांना रविवारी सकाळी फोन करा, रात्री नको. आणि फोन करायच्या आधी त्या गप्प बसलेल्या लोकांपैकी दहा-वीस जणांना विचारून घ्या की हल्ली कशाचे फोटो काढताय, म्हणजे फोनवर बोलायला तुमच्या हातात काहीतरी असेल. काय उत्तरं आली ते जमलं तर इथे लिहा, मला पण बघायचंय.